पाय नसताना रेस कोण देतं?

गेल्या दोन महिन्यांच्या टपालातून एकाच दुखण्याची सहा पत्रं बाजूला काढली. गाडी जुनी, इंजिन डिझेलचं, आणि रेस, म्हणजे इंजिनाचे फेरे, नको तेव्हा चढते, बहुतेक पत्रांत पाय उचललेला असताना. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर देतोय, कारण निदान त्या पत्रातच लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याला ते दिसलेलं नाही, एवढंच.

प्रश्न : काका, माझी गाडी 1990 च्या दशकातली. चार सिलिंडर, दोन लिटरच्या आसपासचं टर्बो डिझेल, डिझेलचा रोटरी पंप, केबलचा एक्सलेटर. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झाले आहेत. सकाळी चालू केली की थोडा वेळ 1100 आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) असते, मग नीट 800 वर येऊन बसते. पण हायवेवर तास-पाऊण तास चालवून थांबलो, की क्लच दाबल्यावर रेस आपोआप 1500-1600 पर्यंत जाते, अर्धा मिनिट तिथेच राहते आणि मग हळूहळू उतरते. मेकॅनिकने केबल बदलली, रिटर्न स्प्रिंग बदलली, डिझेल फिल्टर बदलला, शेवटी आयडलचा (पाय न लावता इंजिन चालतं त्या रेसचा) स्क्रू मागे घेतला. आता सकाळी गाडी बंद पडते आणि हायवेनंतरचा त्रास आहे तसाच आहे. तो म्हणतो, पंप ओव्हरहॉल करा. मित्र म्हणतो, कुठून तरी हवा ओढतेय. बाकी इंजिन उत्तम आहे. ऑईल तर अजिबात खात नाही, उलट डिपस्टिकवर खुणेच्या वरच दिसतं. हायवेवरून आल्यावर चावी बंद केली तर दोन-तीन सेकंद घरघरून थांबते, पण वयोमानाप्रमाणे तेवढं चालायचंच.

उत्तर : वयोमानाप्रमाणे चालायचं ते आपल्या गुडघ्यांचं. डिझेल इंजिनाला ती सवलत नाही. तुमची शेवटची तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही ती इंजिनाची तारीफ म्हणून लिहिलीत, मला त्यात तक्रार दिसते.

आधी मित्राचं बघू. त्याची गाडी बहुधा पेट्रोलची असणार. पेट्रोलच्या इंजिनात पायाखालची केबल हवेची झडप उघडते, म्हणून तिथे फाटक्या होजमधून चोरून हवा शिरली तर आयडल वाढू शकतं. तुमच्यासारख्या डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर झडपच नाही. इंजिन प्रत्येक फेऱ्याला मावेल तेवढी हवा घेतं, आयडलवर तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त. तुमचा पाय ठरवतो ते फक्त डिझेल किती जायचं ते. त्यामुळे हवेचा पाइप फाटला तर तुमची गाडी काळा धूर टाकेल, टर्बोचा जोर कमी होईल, पण रेस चढणार नाही. डिझेलमध्ये रेस चढली याचा अर्थ एकच, जास्तीचं जळण आत चाललंय. शोधायचं ते कुठल्या नळाने.

आता हे जास्तीचं जळण म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. दोन लिटरचं डिझेल इंजिन आयडलवर तासाला लिटरभरही पीत नाही. सहाशे मिलिलिटर धरू. 800 आरपीएमला चार सिलिंडर मिळून मिनिटाला 1600 वेळा पेटतात, तासाला 96,000 वेळा. भागाकार केलात तर एका वेळी सहा-सात घनमिलिमीटर डिझेल येतं. डोळ्यात घालायच्या औषधाचा एक थेंब या इंजिनाला आठेक वेळा पुरेल. एवढ्याशा खुराकावर जे इंजिन 800 ला गुरगुरत असतं, त्याला 1500 वर न्यायला बादलीभर तेल लागत नाही. ऑईलचं धुकं आत गेलं तरी काम होतं. आणि इंजिनाला चवीचा सोस नाही. डिझेल असो, इंजिन ऑईल असो, दोन्हीचं मिश्रण असो, दाबलेल्या तापलेल्या हवेत ते पेटतं.

मेकॅनिकने आयडलचा स्क्रू मागे घेतला, सकाळी गाडी बंद पडायला लागली, पण हायवेनंतरची रेस आहे तशीच राहिली. चुकीच्या दुरुस्तीतूनही पुरावा मिळतो तो असा. तो स्क्रू फक्त पंपातून येणाऱ्या डिझेलवर चालतो. पंपातला गव्हर्नर, म्हणजे फेरे ताब्यात ठेवणारा भाग, आपल्या परीने डिझेल आवळत असतो, अगदी शून्यापर्यंत. तरी रेस चढलेलीच, म्हणजे ते जळण पंपाच्या नोझलवाटे येतच नसावं. तो स्क्रू आधी मूळ जागेवर आणा. स्क्रू आणि नटावर रंगाची जुनी खूण असेल तर ती जुळवा. नसेल तर इंजिन पूर्ण गरम करून, पण हायवेवर न नेता, 800 लावा.

आता तपासणी. केबल बदलून झाली असली तरी पहिली नजर तिथेच टाका, कारण त्याला काहीच लागत नाही. पुढच्या वेळी रेस चढली की बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर बघा. तो आयडलच्या स्क्रूला टेकलेला आहे का? नसेल, आणि बोटाने मागे ढकलल्यावर रेस उतरत असेल, तर माझं सगळं उत्तर फाडून टाका आणि केबलच्या मागे लागा. इंजिनाचं माउंटिंग तुटलं की इंजिन कलतं आणि चांगली केबलही ओढली जाते, हे मी अनेकदा पाहिलंय. लिव्हर स्क्रूला चिकटून बसला असेल आणि रेस वरच असेल, तर पाय, केबल आणि स्प्रिंग तिघंही निर्दोष.

मग चावी. सकाळी थंड इंजिन दोन मिनिटं चालवा आणि बंद करा. ताबडतोब थांबतं का? तुमच्या पंपावर एक वायर गेलेला सोलेनॉइड असतो. चावी चालू असताना वीज त्याची दांडी उचलून धरते, चावी बंद केली की स्प्रिंग ती खाली दाबते आणि डिझेलची वाट बंद होते. दांडीच्या टोकाचं सील झिजलं किंवा तिथे कचरा अडकला, तर डिझेल झिरपतं आणि इंजिन घरघरत थांबतं. पण झिजलेलं सील सकाळीही झिजलेलंच असतं. थंड असताना इंजिन टक्कन थांबत असेल आणि हायवेनंतरच रेंगाळत असेल, तर सोलेनॉइड आपलं काम चोख करतोय. डिझेल बंद झाल्यावरही इंजिनाला दोन-तीन सेकंद दुसरीकडून खायला मिळतंय.

आणि आता डिपस्टिक. दोन लाख ऐंशी हजार चाललेल्या टर्बो डिझेलचं ऑईल थोडं कमी व्हायला हवं. तुमचं वाढतंय. ऑईल स्वतःहून वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळतं. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ झालं असतं आणि रेडिएटर रिकामा झाला असता. तुमच्याकडे बहुतेक डिझेल मिसळतंय. डिपस्टिक हुंगून बघा. ऑईलचा एक थेंब टिपकागदावर टाकून तासभर तसाच ठेवा. मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट, तेलकट कडं दूरवर पसरलं तर शंका पक्की करा.

डिझेल ऑईलमध्ये जातं कुठून? तुमच्या वर्णनाचा पंप काही इंजिनांत पट्ट्यावर फिरतो, काहींत गिअरवर. पट्ट्याचा असेल तर पंपाचं पुढचं सील गळल्यावर डिझेल बाहेर, पट्ट्यावर आणि जमिनीवर येतं आणि वासाने कळतं. गिअरवरचा असेल तर तेच डिझेल गिअरच्या झाकणात, टायमिंग केसमध्ये, उतरतं आणि तिथून गुपचूप चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल असतं तिथे. बाहेर एक थेंब दिसत नाही. रोटरी पंपाचं पोट डिझेलने भरलेलं असतं, त्यात दाब असतो, आणि फेरे वाढले की दाबही वाढतो. म्हणून गावात फिरताना सील जेमतेम पाझरतं आणि हायवेवर सोडायला लागतं. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो का, तेही सांगा. ज्या सीलमधून चालताना डिझेल बाहेर जातं, त्याच सीलमधून रात्रभर उभ्या गाडीत हवा आत येऊ शकते.

पुढचा प्रवास सोपा आहे. डिझेलने पातळ झालेलं, पातळी वाढलेलं, तापलेलं ऑईल चेंबरमध्ये उसळतं. पिस्टनच्या रिंगांजवळून निसटलेला वायू त्याचं धुकं ब्रीदरच्या (चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या) होजमधून उचलतो आणि टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो. भरधाव चालताना ते धुकं जळून जातं, तुम्हाला कळतही नाही, कारण तेव्हा इंजिनाला तसंही पुष्कळ जळण हवं असतं. काही भाग पाइपात आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या तळाशी साचतो. तुम्ही थांबता, पंप हात आखडता घेतो, आणि साचलेलं रेस देत राहतं. अर्ध्या मिनिटात ते संपलं की इंजिन 800 वर येतं.

खात्री करायची तर ब्रीदरचा होज हवेच्या पाइपावरून काढा, पाइपावरचं भोक घट्ट बुजवा आणि होजचं टोक एका बाटलीत सोडा. बाटलीचं तोंड मोकळं ठेवा. होज बंद केलात तर चेंबरमध्ये दाब साठून दुसरी सीलं फुटतील. बाटली टर्बो आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, पक्की बांधा. इंटरकूलर उतरवून त्यातलं तेल ओतून टाका. हे आधी करा, नाहीतर जुनंच तेल तुम्हाला फसवेल. ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवा, आणि नेहमीच्या हायवेवर पाऊण तास जाऊन या. थांबल्यावर काटा 800 वर राहिला तर ब्रीदरवरचा आरोप सिद्ध झाला. बाटली मात्र कायमची ठेवू नका, ती परीक्षेपुरतीच.

टर्बोला सोडून देतोय असं समजू नका. पाइप उतरवले की टर्बोच्या आधीचा पाइप आणि नंतरचा पाइप वेगवेगळे बघा. आधीचाही तेलाने ओला असेल तर तेल ब्रीदरवाटे आलंय. आधीचा कोरडा आणि नंतरचाच चिंब असेल, तर टर्बोच्या सीलचं काम निघालं.

शेवटी गंमत अशी, की तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल. पंप उतरवावाच लागेल. पण तो आतून खोलून कॅलिब्रेशन करण्यासाठी नाही, पुढच्या शाफ्टच्या सीलसाठी. सील बदलताना शाफ्ट बोटाने हलवून बघायला सांगा. शाफ्ट वरखाली हलत असेल तर बुशही घालायला लागेल, नाहीतर नवं सीलही सहा महिन्यांत जाईल. आणि हे होईपर्यंत हायवेला गाडी काढू नका. डिझेल मिसळलेलं ऑईल बेअरिंगना वंगण देत नाही, आणि हेच धुकं उद्या जास्त झालं तर या अंकातल्या शेवटच्या पत्राची पाळी तुमच्यावर येईल.

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल गाडीचा काटा महिन्याभरापासून आयडलला 930 दाखवतो, पूर्वी 800 होता. ज्या वेगाला पूर्वी 3000 दिसायचे तिथे आता 3500 दिसतात. अल्टरनेटर बदलल्यानंतर हे सुरू झालं. नव्या अल्टरनेटरचा लोड जास्त पडत असेल का?

उत्तर : लोड पडला असता तर रेस खाली आली असती. तुमचं इंजिन आहे तसंच आहे, काटा थापा मारतोय. डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांत आरपीएमचा सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतात. नव्या अल्टरनेटरची पुली जुन्यापेक्षा लहान आहे, म्हणून तो जास्त फिरतो आणि काटा पुढे पळतो. आयडलला आणि हायवेला दोन्हीकडे साधारण सहावा हिस्सा जास्त दिसतोय, हाच पुरावा. खरोखरची बिघाडाची रेस अशी मापात वाढत नाही. जुनी पुली नव्या अल्टरनेटरवर चढवून घ्या.

प्रश्न : चढावर चौथ्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की इंजिन एकदम ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. पंप दोनदा दुरुस्त केला.

उत्तर : पंपाला आता तरी सोडा. क्लचप्लेट सरकतेय. सपाट रस्त्यावर, वर्दळ नसताना, ताशी चाळीसला चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेगाचा जागेवर राहिला, की क्लचवाल्याकडे जा. करपल्याचा वासही येईल.

प्रश्न : तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की डिझेलमध्ये हवा ओढल्याने रेस वाढत नाही. माझ्याकडे 1950 च्या दशकाच्या शेवटी बनलेली डिझेल गाडी आहे. तिच्या हवेच्या तोंडाशी चक्क झडप आहे आणि तिथून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या बाजूला जाते. ती नळी निसटली तेव्हा इंजिन किंचाळायला लागलं. मग तुमचं खरं की माझ्या गाडीचं?

उत्तर : तुमच्या गाडीचं. या अंकातही वर तेच लिहून बसलोय, त्यामुळे अपवाद इथेच सांगतो. त्या काळच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत गव्हर्नर फिरत्या वजनांचा नव्हता, हवेचा होता. ती झडप इंजिनाची हवा अडवण्यासाठी नसते, तिच्या अरुंद गळ्यात व्हॅक्यूम तयार करण्यासाठी असते. तो व्हॅक्यूम नळीतून पंपाच्या मागच्या डायफ्रामला ओढतो आणि डायफ्राम रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, कमी डिझेलकडे नेतो. समोरून एक स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलत असते. नळी निसटली, तडकली किंवा डायफ्राम फाटला, की रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडला जातो आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर नेऊन ठेवते. रचना अशी की बिघाड झाला तर इंजिन थांबण्याऐवजी पळतं. मला तरी ती कधीच पटली नाही.

डायफ्राम तपासायला इंजिन बंद ठेवून पंपाचा स्टॉप लिव्हर पूर्ण दाबा, नळीची जोडणी बोटाने घट्ट बंद करा आणि लिव्हर सोडा. रॅक तिथेच थबकला किंवा अगदी सावकाश परतला तर डायफ्राम शाबूत. फटकन परतला तर गेला. त्या काळातले काही डायफ्राम चामड्याचे असत. चामडं वाळलं की कडक होतं आणि चिरतं, म्हणून त्याला तेल देऊन मऊ ठेवावं लागतं. तुमचा कुठला आहे ते उघडल्यावरच कळेल.

प्रश्न : काका, मी आणि माझ्या भावाने घरीच रोटरी पंपाच्या वरच्या शाफ्टचं ओ-रिंग बदललं, कारण तिथून डिझेल गळत होतं. गळती थांबली. पण इंजिन चालू केल्याबरोबर सरळ 3000 च्या पुढे गेलं. घाबरून चावी काढली, लगेच बंद झालं. लिव्हर तर आयडलच्या स्क्रूलाच टेकलेला होता. आता चालू करायची हिंमत होत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : आईला सांग. तुम्ही गळती थांबवलीत, ती काही लहान गोष्ट नाही. आणि चावी काढल्यावर इंजिन लगेच थांबलं ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. पहिल्या पत्रातल्या गाडीच्या अगदी उलट. तुमच्याकडचं जास्तीचं जळण पंपातूनच येतंय, ऑईलचा संबंध नाही.

लिव्हर काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर खूण केली होती का? नसणार. त्या शाफ्टच्या डोक्यावर बारीक दाते असतात, त्यामुळे लिव्हर कुठल्याही दातावर बसतो आणि बाहेरून अगदी बरोबर दिसतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी असते, ती गव्हर्नरची स्प्रिंग ताणते. तुमचा लिव्हर एखादा दात सरकून बसलाय. बाहेर लिव्हर म्हणतो आयडल, आत स्प्रिंगला वाटतं कुणीतरी पाय दाबलाय. आत सगळं ठीकठाक आहे, फक्त निरोप चुकीचा जातोय.

लिव्हर आत्ता कुठे आहे त्याची खूण आधी कर, कारण पुढच्या चुकीलाही परतीची वाट हवी. मग नट आणि स्प्रिंग सोडून लिव्हर उचल. शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघ. जिकडे फिरवल्यावर ताण लागतो ती रेसची बाजू. लिव्हर असा बसव, की तो आयडलच्या स्क्रूला टेकलेला असताना शाफ्ट आत्तापेक्षा एक दात सैल बाजूला राहील. आयडल आणि सगळ्यात वरच्या रेसचे स्क्रू हलवू नकोस, आणि मागच्या बाजूला सील केलेला फुल लोडचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू असतो त्याला तर हातही लावू नकोस. तो स्क्रू आत घेतला की आयडलही वाढतं, मग आयडलचा स्क्रू मागे घ्यावा लागतो, मग पाय उचलल्यावर रेस उतरत नाही, आणि एका चुकीच्या चार होतात. शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाला पिकअप हवा होता म्हणून मी तो सील तोडून फिरवला होता. गाडी आठव्या दिवशी परत आली. उस्तादांनी एक शब्द न बोलता तो पंप बेंचवर चढवला आणि प्रत्येक रीडिंग मला मोठ्याने वाचायला लावलं. सगळं गॅरेज ऐकत होतं.

चालू करताना भावाला चावीवर बसव आणि तू सोलेनॉइडची वायर हाताशी ठेव. इंजिन बंद पडलं तर एक दात जास्त झाला, चढलं तर कमी. बरोबर दातावर आयडल आपलं आपण 800 च्या आसपास येतं.

प्रश्न : परवा माझी जुनी टर्बो डिझेल गाडी घाट उतरून उभी केली आणि इंजिन अचानक चढायला लागलं. चावी काढली तरी थांबेना. निळसर पांढरा धूर एवढा की मागचं काही दिसेना. मी घाबरून हवेच्या तोंडात फडकं कोंबलं, ते आत ओढलं गेलं. शेवटी इंजिन मोठा आवाज करून थांबलं. आता ते गेलंच आहे, पण अशा वेळी नक्की काय करायला हवं होतं?

उत्तर : इंजिन गेलं याचं वाईट वाटलं, पण फडक्याच्या जागी हात गेला नाही हे नशीब समजा. त्या वेळी हवेच्या तोंडाशी ओढ एवढी असते की तळहात सुटत नाही.

इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळायला लागलं की चावीला काही अर्थ उरत नाही. चावी फक्त डिझेल बंद करते. धुरावरूनही ते कळतं. पंप जास्त डिझेल देत असेल तर धूर काळा येतो आणि चावी काढल्यावर इंजिन थांबतं. धूर निळसर पांढरा आणि इंजिन चावीला जुमानत नाही, म्हणजे ऑईल जळतंय. मग हातात दोनच गोष्टी उरतात, इंजिनावर बोजा टाकणं किंवा त्याची हवा तोडणं.

गाडी हाताने गिअर टाकायची असेल तर बोजाचा मार्ग पहिला. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक जीव लावून दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच न रेंगाळता सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. क्लच हळूहळू सोडत बसलात तर प्लेट जळेल आणि इंजिन तसंच पळत राहील. पहिला गिअर टाकू नका, त्यात इंजिनाचा जोर वाढतो आणि गाडी ब्रेकला भारी पडते. हे पहिल्या काही सेकंदांतच करायचं, फेरे खूप वर गेल्यावर हा उपाय हातातून जातो. गाडी चालती असताना इंजिन पळालं तर क्लच दाबायची किंवा न्यूट्रल करायची इच्छा होते. नेमकं तेच करू नका. चाकांचा बोजा आहे म्हणून इंजिन दबून आहे, तो काढलात की ते मोकाट सुटेल. गिअरमध्येच ठेवून ब्रेक दाबत गाडी बाजूला घ्या आणि ब्रेकनेच इंजिन बंद पाडा.

ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही, तिथे हवा तोडायची. एअर फिल्टरपासून येणारा होज काढून उघड्या तोंडावर सपाट, जाड फळी किंवा पत्रा दाबायचा. फडकं नाही, प्लास्टिक नाही, हात नाही. टर्बोच्या नंतरचा पाइप फाटलेला असेल तर तिथूनही हवा जाते, म्हणून फळी इंजिनाच्या जितक्या जवळ लावता येईल तितकी बरी. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल तर त्याची फवारणी हवेच्या तोंडात करता येते, तो इंजिनाला इजा न करता गुदमरवतो. पाणी मारू नका. आणि इंजिन आधीच किंचाळत असेल तर बॉनेटखाली वाकूच नका. सगळ्यांना गाडीच्या दोन्ही बाजूंपासून लांब करा आणि फुटायचं ते फुटू द्या. फ्लायव्हीलचे तुकडे कुठल्या दिशेला जातात हे आधी कळत नाही.

तुमच्या गाडीला हवा तोडायची झडप कारखान्यातूनच का दिलेली नाही, असं तुम्हाला वाटत असेल. काही इंजिनांना ती असते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेलच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांवर आणीबाणीला हवा बंद करणारी झडप मिळायची. ज्वालाग्राही वायूच्या जागी चालणाऱ्या डिझेल इंजिनांनाही ती बसवतात, कारण तिथे ऑईलचीही गरज पडत नाही, हवेतूनच जळण येतं. 2005 मध्ये टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंधनाची वाफ पसरली तेव्हा जवळ चालू ठेवलेल्या एका डिझेल पिकअपचं इंजिन आपोआप चढलं होतं. चौकशीत ठिणगीचा सर्वांत संभाव्य उगम म्हणून त्याच पिकअपकडे बोट दाखवलं गेलं. त्या स्फोटात 15 जण गेले.

आता तुमच्या गाडीचं. नवं किंवा जुनं, कुठलंही इंजिन त्या जागी बसवण्याआधी इंटरकूलर आणि सगळे हवेचे पाइप उतरवून आतून धुवा आणि वाळवा. जुना टर्बो नव्या इंजिनावर तसाच चढवू नका. तुमच्या पाइपांत आत्ता निदान कपभर ऑईल साचलेलं असेल. ते तसंच राहिलं तर नवं इंजिन पहिल्याच स्टार्टला ते ओढून घेईल आणि पुन्हा पळेल. इंटरकूलर काढताना खाली घमेलं ठेवा.